द्वारका धावली तो दिवस

“मी द्वारका,” भिवा राऊळ खाटेवर बसत म्हणाला. “माझी ढोपरां वाकनत नाय, बोटां सरळ होनत नाय. आता माका लुगडा नेसव.”

त्याने पाय ताठ केले, बोटं मुडपून घेतली आणि मान एका बाजूला टाकली. वरच्या ओठावर झुपकेदार मिशी होती, ती तशीच राहिली.

“मान कित्याक टाकतंस?” मी म्हटलं. “तिच्या मानेक कायएक झालेला नाय.”

“दुखणेकरणीन मान टाकूची आसता. बघणाऱ्याक कळूक होया.”

समोरच्या खुर्चीवरून द्वारका ओरडली, “मेल्या भिवा, मी अजून मराक नाय! मान वर कर!”

भिवाने मान वर केली. मी हातातलं नऊवारी लुगडं घेऊन दोघांच्या मध्ये उभा होतो.

द्वारका माझी बायको. गेल्या पावसात ती गेली. लोक अजून समाचाराला येतात, ओट्यावर बसतात आणि किती सोसलान, किती सोसलान म्हणतात. मीही हो म्हणतो. पण तिची आठवण आली की मला हटकून ती दुपार आठवते आणि हसू येतं. समाचाराला आलेल्या माणसांसमोर हसता येत नाही, मग मी खोकतो. लोकांना वाटतं आता हाही चालला.

द्वारकेला संधिवात होता. तो बोटांपासून सुरू झाला. आधी वाटताना वरवंटा धरवेना, मग वेणी घालता येईना, मग चुलीपुढून उठता येईना, आणि शेवटी तिने खाट धरली. मुलगी लग्न होऊन रत्नागिरीला गेलेली. घरात आम्ही दोघंच आणि एक गाय. तिचं सगळं काम माझ्याकडे आलं आणि शिवाय ती आली. सकाळी तिला उचलून बसवायचं, पेज भरवायची, न्हाणीत न्यायचं, परत आणायचं. मग गाय, मग पोफळीची बाग, मग पुन्हा तिला उचलायचं. मला सगळं जमलं. वेणीसुद्धा जमली, जराशी तिरकी. लुगडं तेवढं जमलं नाही. म्हणून तिच्या अंगात कायम झगा.

दुखणं एका घरात असतं आणि औषध सगळ्या गावाच्या तोंडात. तातू परब म्हणाला कुर्ल्यांचं सार दे. मी व्हाळाच्या पाण्यात रात्र रात्र खेकडे धरले. सावळाराम म्हणाला ढोपरांना हुमले चावव, झाडावरचे तांबडे मुंगळे. तेही केलं. द्वारका म्हणाली, “वात होतो तो आसाच. वयर हुमले चावले.”

तर त्या वर्षी गणपती जवळ आले होते आणि वाडीवरच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला. द्वारकेची थोरली बहीण, वेंगुर्ल्याची आक्का. आक्का फोनवर नेहमी इतक्या मोठ्याने बोलायची की दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना उभ्या उभ्या कळायचं.

“भावोजी, मी गौरीक येतंय. आणि द्वारकाक घेवन जातंय.”

“खय?”

“वेंगुर्ल्याक. कायमची. बापयाच्या हातान बायल माणसाची सेवा होना नाय.”

“कोण म्हणता होना नाय?”

“तिका साधा लुगडा नेसवूक येता तुमका? सगळ्यो सवाशिणी नेसान गौरीपुढे सूप धरतल्यो आणि माझी भैण झगो घालून ओवसो देतली?”

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी फोन ठेवला.

गौरीच्या दिवशी आमच्याकडे बायका नटूनथटून सुपात पानं-फळं घेऊन गौरीपुढे ओवसतात. त्याला ओवसा म्हणतात. द्वारकेने खाट धरल्यापासून ती आतल्या खोलीतूनच बघायची. त्याचं कुणाला काही वाटलेलं मला ठाऊक नव्हतं.

घरी येऊन तिला म्हटलं, “तुझी भैण तुका न्हेतली म्हणता.”

ती आढ्याकडे बघत होती. “न्हेवंदे.”

“न्हेवंदे काय? तू काय गाय आसंस?”

“ती थोरली आसा. ती म्हणतली तसा.”

मला वाटलं, बहिणीला घाबरते. लहानपणापासून घाबरायची. मी ठरवलं, आक्का येईल तेव्हा द्वारका लुगडं नेसून समोर बसलेली पाहिजे. मग बघू काय बोलते.

पहिल्यांदा द्वारकेने खाटेवरून सांगायचं आणि मी तिला नेसवायचं असं केलं.

“उजवीकडून घ्या.”

“माझी उजवी का तुझी?”

“माझी. माझी नाय, तुमची. रवा. खयची उजवी म्हटलंय मी?”

अर्ध्या तासाने ती गळ्यापर्यंत गुंडाळली गेली होती आणि एक पाय बाहेर होता. तिने स्वतःकडे बघितलं. “माझी हळदीच्या पानातली पातोळी केलात,” ती म्हणाली. “आता उकडा.”

शेजारच्या बायकांना विचारायची सोय नव्हती. त्या शिकवायला आल्या असत्या आणि संध्याकाळपर्यंत गुणाजी परबाला लुगडं येत नाही हे धरणापलीकडे कळलं असतं. मग मला भिवा आठवला.

भिवा दशावतारात बायकांची कामं करायचा. कार्तिक लागला की गावोगावच्या जत्रांमधून रात्रभर राणी व्हायचा, आणि अशी राणी की म्हातारे लोक पुढे सरकून बसायचे. पावसाळ्यात नाटकं बंद. तेव्हा तो शेती करायचा आणि हौसेने मिशी ठेवायचा. दसरा झाला की ती उतरवायची. “आठ म्हयने बायल, चार म्हयने बापयो,” असं तोच सांगायचा.

तर असा भिवा त्या दुपारी आमच्या खाटेवर बसला होता आणि मी त्याला नेसवत होतो.

“हळू!” तो द्वारकेच्या आवाजात किंचाळला. “अवो, माझा ढोपार!”

हुबेहूब आवाज. मी दचकून हात काढला.

“मी इतक्या वराडणा नाय,” द्वारका म्हणाली.

“वराडतंस,” मी म्हटलं.

“वयनी, जरा शिकून घेवा,” भिवा म्हणाला. “तुमी मोठ्यान वराडलात तर ह्यो हळू हात लावतलो.”

“ते हळूच लावतत,” द्वारका म्हणाली. मग म्हणाली, “पाणी तापला आसतला. माका न्हाणीत बसवा. तुमचो खेळ चलांदे.”

ऊन पाण्याने तिचे सांधे जरा सैल व्हायचे, म्हणून मी तिला न्हाणीत खुर्चीवर बसवून बराच वेळ पाणी घालायचो. न्हाणी स्वयंपाकघराला लागून होती, मध्ये नुसता माडाच्या झापांचा कूड. मी तिला उचलून नेली, अंगावर टॉवेल टाकला, पाणी घातलं, साबण लावला आणि म्हटलं, “जरा शेक घे, मी इलंय.” आणि परत भिवाकडे आलो.

आता काष्टा राहिला होता. भिवा सांगत गेला आणि मी करत गेलो. निऱ्या घातल्या, मधून मागे घेतलं, ओढलं आणि खोचलं. छान घट्ट बसला. पदरही घेतला. भिवाने खुंटीवरची द्वारकेची जुनी नथ नाकाला लावली, डोक्यावरून पदर ओढला आणि मला विचारलं, “कशी दिसतंय?”

“मिशी सोडली तर बरी.”

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

“भावोजी!” आवाज आक्काचा. “आसात काय घरात?”

भिवा उठायला गेला आणि परत बसला. पुन्हा उठायला गेला, पुन्हा बसला.

“गुणाजी,” तो कुजबुजला, “काष्टो खय खोचलंस?”

मी वाकून बघितलं. काष्टा मी खाटेच्या नवारीत खोचला होता. खोचला होता म्हणजे चांगला दोन पट्ट्यांमधून काढून घट्ट केला होता. भिवा आणि खाट आता एकच झाले होते.

मी सोडवायला लागेपर्यंत आक्का आत आली. एका हातात छत्री, दुसऱ्यात पिशवी, आणि डोळ्यांवर हा एवढा काळा चष्मा. छत्रीने उंबरठा चाचपत होती.

“कुडाळात डोळ्यांच्या डॉक्टराक दाखवूक इल्लंय,” ती म्हणाली. “मेल्यान थेंब घातल्यान. माका सगळा धुक्यात दिसता. म्हटला, इतक्या इलंय तर आजच येवन जावया, गौरीक परत कोण येतला. द्वारका खय आसा?”

खरं सांगायचं तर त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण सांगणार काय? की तुमची बहीण न्हाणीत आहे आणि तिच्या खाटेवर तिचं लुगडं नेसून नाटकवाला बसला आहे? बापयाच्या हाताने सेवा होत नाही म्हणणारी बाई तिला त्याच रिक्षेत घालून घेऊन गेली असती.

मी काही बोलायच्या आत भिवानेच तोंड उघडलं. रंगमंचावर कुणी आत आलं की त्याला बोलल्याशिवाय राहवतच नाही.

“आक्का! इलंस गो?” द्वारकेचा आवाज.

न्हाणीत तांब्या पडला.

आक्का आवाजाच्या रोखाने गेली आणि खाटेवर बसली. भिवाने झटकन पदर नाकावरून तोंडावर ओढला.

“लुगडा!” आक्काने हाताने चाचपलं. “गो बाये, लुगडा नेसलंस! काष्टो सुद्धा! कोणी नेसवलान?”

“ह्येंनी,” भिवा लाजत म्हणाला. उगाच लाजला.

“आणि अंग केवढा धरलंस! खांदे बघ कशे झालेहत.” मग तिने त्याचा हात हातात घेतला. भिवाने बोटं आणखी मुडपली. “हाताक केस इले गो तुझ्या!”

“औषधाचे,” भिवा म्हणाला.

“होय बाये, म्हणतत खरा, गोळयांनी केस येतत.” तिने चष्म्याखालून डोळे पुसले. “भावोजी, असे उभे कशे? च्या टाका.”

मी स्वयंपाकघरात गेलो. जाताना भिवाने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही राणीला सिंहासनावर बसवून राजाच पळून चाललेला. मी चहाचं आधण ठेवलं. कुडापलीकडे न्हाणीत द्वारका आहे हे मला ठाऊक होतं. ती हसणं दाबत होती, खुर्ची करकरत होती.

मग आक्काने आवाज खाली आणला. आक्काचा खालचा आवाज म्हणजे दुसऱ्या माणसाचं साधं बोलणं.

“गेलो काय तो आत? आता खरा सांग. ह्या काय चललाहा? मासळीवालीकडे तुझो निरोप मिळालो म्हणान मी फोन केलंय. तूच सांगून धाडलंस, आक्का माका घेवन जा, माझो घोव दमलो. बोलणा नाय, पण दमलो. आणि वयर सांगितलंस, हट्ट तुझोच आसा असा दाखव, तेका वायट वाटूक नये. म्हणान मी त्या गरीब माणसाक फोनार वाकडा बोललंय. दुकानात सगळी ऐकत होती ती वेगळीच. आणि आता लुगडा नेसान बसलंस! तुका येवचा आसा की नाय?”

चूल पेटलेली होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. कुडापलीकडची खुर्ची करकरायची थांबली.

दशावतारात बोलणी लिहिलेली नसतात. उभ्या उभ्या सुचवायची. भिवाचं त्यात नाव होतं, राक्षसालासुद्धा तो बोलण्यात गप्प करायचा. पण आता त्याला काही सुचेना.  मग सवयीने जे आलं ते बोलला.

“हे भगिनी,” तो म्हणाला, “पतीच्या चरणांपाशीच सतीचे वैकुंठ!”

“काय गो?”

“हा देह पडला तरी याच महाली पडो!”

“औषध जास्त झालाहा,” आक्का म्हणाली. “भावोजी! हिका गोळयो किती दितास?”

तेवढ्यात न्हाणीतून हाक आली. “अवो! पाणी निवला!”

“कोण गो ता?” आक्काने विचारलं.

“शेजारीण,” भिवा म्हणाला.

“तुमच्याकडे न्हाता?”

“तिची न्हाणी पडली.”

मी चुलीवरचं ऊन पाणी घेऊन न्हाणीत गेलो. द्वारका खुर्चीवर होती. टॉवेलाचं टोक तिच्या दातांत होतं, ते तिने सोडलं.

“ऐकलात?”

“ऐकलंय.”

“पाठीर साबण रवलोहा.”

मी मागे जाऊन पाणी घातलं. तिच्या पाठीची हाडं दिसत होती. मी साबण काढून टाकला आणि उगाच आणखी एक तांब्या ओतला.

“निरोप तू धाडलंस?”

“धाडलंय.”

“कित्याक?”

“तुमी झोपेत कण्हतास. दुखणेकरीण मी, आणि कण्हतास तुमी.”

“मी घोरतंय.”

“घोरणा माका कळता. लग्न झाल्यापासून ऐकतंय. ह्या घोरणा नाय.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “आणि विचारला तर काय सांगतास? माका काय त्रास नाय. कंबर धरून उभे रवतास आणि त्रास नाय. ताप येता आणि त्रास नाय. माझ्याकडे इतक्या खोटा बोलतास तर आतून कितके दमलेले आसतल्यात?”

 कुडापलीकडे भिवा माझ्या बायकोच्या आवाजात माझे गुण सांगत होता. मी वेणी फार छान घालतो असं चाललं होतं.

“खरा सांगा,” द्वारका म्हणाली. “कंटाळो येता?”

“येता.”

मी तांब्या खाली ठेवला.

“रोज येता,” मी म्हटलं. “उठल्या उठल्या येता. पेज ढवळताना येता. काल तुका खाटीर ठेवताना इतको इलो, वाटला तुका थयच सोडूचा आणि जावन पोफळीर चढून बसाचा.”

बोलून गेलो आणि वाटलं, आता ही रडणार.

“पोफळीर?” ती म्हणाली.

“होय.”

“ह्या वयात पोफळीर चढलात तर पडतल्यात. मगे तुमका कोण उचलतला? मी?”

आणि हसायला लागली. खुर्ची हलायला लागली, मी धरली. मलाही हसू आलं. टॉवेल खाली पडला, तो उचलायला दोघांपैकी कुणाला सुचेना. बाहेर आक्काने विचारलं, “शेजारणीक काय झाला?” आणि भिवा म्हणाला, “तिका हसूचो रोग आसा.”

हसणं थांबल्यावर द्वारकेने विचारलं, “मगे जावचा काय मी?”

“कंटाळो येता म्हणान कोण बायलेक वेंगुर्ल्याक धाडता काय? माका गायीचो पण येता. गाय खय धाडलंय?”

“माका गायीच्या वळीत बसवलात.”

“गाय लाथ मारता. तू नुसती बोलतंस.”

तिने जरा विचार केला. “मगे एक करा. हेच्यापुढे ‘त्रास नाय’ म्हणूचा नाय. कंटाळो इलो तर तोंडान सांगूचा.”

“बरा.”

“सांगा.”

“आता?”

“आताच.”

“द्वारके, माका लय कंटाळो इलोहा.”

“माका पण,” ती म्हणाली. “ह्या खाटीचो, ह्या ढोपरांचो आणि तुमच्या पेजेचो. मीठ कदी घालनास नाय.”

इतकी वर्षं तिने पेजेबद्दल एक शब्द काढला नव्हता. मला राग आला आणि बरंही वाटलं.

मी तिला पुसली, झगा घातला, चादरीत गुंडाळली आणि उचलून बाहेर आणली.

“आक्का,” माझ्या हातातूनच ती म्हणाली, “मी येणा नाय वेंगुर्ल्याक.”

आक्काने आवाजाकडे तोंड केलं. मग खाटेकडे केलं. मग परत आवाजाकडे.

“द्वारका?” तिने विचारलं.

“ओ,” द्वारका म्हणाली.

“ओ,” भिवापण म्हणाला. सवय.

आक्का हळूच पुढे वाकली आणि तिने खाटेवरच्या द्वारकेच्या तोंडावरून हात फिरवला. कपाळ, नाक, नथ. आणि मग मिशी.

मी पुष्कळ आरडाओरडा ऐकला आहे, पण तसा नाही. “शिरा पडो तुझ्या तोंडार!” म्हणत आक्काने छत्री उचलली. तिला दिसत नव्हतं, तरी एक फटका चुकला नाही. भिवा ओरडत होता, “आक्कांनू, मी भिवा! भिवा राऊळ! राणीचा काम करतंय तो!” आणि आक्का म्हणत होती, “राणी काय रे? थांब, तुका वनवासाक धाडतंय!” भिवाने जोर केला, नवारीची एक पट्टी टरकन तुटली, आणि तो पट्टीसकट दारातून बाहेर पडला. बाहेर पाऊस झिमझिमत होता. डोक्यावर पदर, पायांत काष्टा, मागे नवारीचं शेपूट, असा तो बांधावरून सुसाट पळत सुटला.

मी द्वारकेला त्याच खाटेवर ठेवली. एका बाजूने खाट जरा खचली होती.

आक्का धापा टाकत बाजूला बसली. आम्ही तिला सगळं सांगितलं. तिने छत्री मांडीवर आडवी घेतली. आम्हाला वाटलं चिडली.

“इलंस असतंस तर मी तुका सांभाळलंय असतंय,” ती द्वारकेला म्हणाली. “पण कंटाळो माका पण इलो असतो गो. सासवेचा सगळा मीच केलंय, ती जाय सर. सगळी म्हणत, सून असूची तर अशी. कंटाळो येता काय म्हणान एकान पण इचारूक नाय. कोणी इचारल्यान असता तर मी रडलंय असतंय.” आणि तिने चष्मा काढला.

द्वारकेने आपला वाकडा हात तिच्या मांडीवर ठेवला. “आता रड,” ती म्हणाली. “डोळ्यात थेंब आसत. कोणाक कळूचा नाय.”

पण रडायला वेळच मिळाला नाही. अंगणात माणसं जमायला लागली. तातू परब पुढे, मागे सावळाराम, त्याच्या मागे अर्धी वाडी. सावळारामाने तर आपल्या वात झालेल्या म्हाताऱ्या काकीला खुर्चीत बसवून उचलून आणलं होतं.

“गुणाजी!” तातू ओट्यावर चढला. “पुलाकडे सगळ्यांनी बघितला! द्वारकावयनी धावत गेली! बांधावरून उडी मारल्यान! मी म्हटलंय नाय, कुर्ल्यांचो सार! गुण येताच!”

“कुर्ल्यांचो काय?” सावळाराम म्हणाला. “कुर्ली खाल्ल्यान माणूस तिरको चालता. ती सरळ धावली. हुमल्यांचो गुण तो!”

“तुझे हुमले रे!”

“आणि तुझ्यो कुर्ल्यो!”

दोघं एकमेकांच्या अंगावर जायला लागले. काकी खुर्चीतून विचारत होती, “माका काय चावतला? आधी सांगा.”

मी आत बघितलं. द्वारका चादर गळ्यापर्यंत ओढून पडली होती. तिने खणखणीत आवाजात सांगितलं, “धावलंय तर! पुलाच्या पलीकडे गेलंय. मगे दमलंय आणि परत इलंय. आता उठाक जमना नाय. सगळो जोर एका दिवसात सपलो.”

“मगे आता?” तातूने विचारलं.

“आता परत पयल्यासून,” द्वारका म्हणाली. “घेवन या कुर्ल्यो. पण शिजवून आणा. ह्येंका मीठ घालूक येणा नाय.”

लोक माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात आक्का छत्री उगारून उंबरठ्यात उभी राहिली आणि तिला अजून नीट दिसत नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही. अंगण झटकन मोकळं झालं. काकीला मात्र नेताना विसरले होते, तिला न्यायला परत यावं लागलं.

मी चूल सारखी करायला वळलो. आक्का म्हणाली, “भावोजी, तुमी खय चललात?”

“भात टाकतंय.”

“भात मी टाकतंय. हिका पण मीच बघतंय. मी आता गौरी झाल्याशिवाय जाणा नाय, आणि हेच्यापुढे सुगी सरली की दर खेपेक येतंय. तुमी जावन झोपा.”

“तुमका दिसणा नाय...”

“दिसता तितक्या दिसता. झोपा.”

मी “माका काय” असं तोंड उघडलं. द्वारका खाटेवरून बघत होती. मी तोंड मिटलं आणि ओटीवर जाऊन आडवा झालो.

तिन्हीसांजेला पडलो तो उठलो तेव्हा उन्हं गायीच्या गोठ्यात आली होती. कुणी मला हाक मारली नव्हती. आत गेलो. आक्काने द्वारकेला भिंतीला टेकवून बसवलं होतं आणि पेज भरवत होती. द्वारकेने मला बघितलं, तोंडातली पेज गिळली.

“रातभर घोरलात,” ती म्हणाली. “नुसते घोरलात.”